अर्ली अर्ज ‘डिफर’ झाला. आता कॉलेज कसं निवडाल?

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की वसई-विरारमधून दरवर्षी त्याच त्या शंका येऊ लागतात. ‘अमेरिकेतल्या कॉलेजने नाही म्हटलेलं नाही, पण होही म्हटलेलं नाही. आता थांबायचं का?’ ‘दुसरीकडे अर्ज केला तर पहिल्या कॉलेजला चालेल का?’ ‘बारावी तोंडावर आलीय, अभ्यास करू की निबंध लिहू?’ ‘अशोका, फ्लेमचं काय?’ आणि घरातल्या मोठ्यांचा एक हमखास सवाल: ‘शेवटी आर्ट्सच करायचंय ना, मग आपलं वर्तक कॉलेज काय वाईट?’

हा शेवटचा सवाल बहुतेक घरांत टोमण्यासारखा येतो आणि मुलं चिडतात. माझ्या मते या सगळ्यांत तोच सर्वांत कामाचा आहे, त्यामुळे त्यावर या लेखात जरा जास्त थांबणार आहे. आधी मात्र ईमेलमध्ये आलेल्या त्या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्या, कारण इथेच पहिली गडबड होते.

‘डिफर’ म्हणजे नेमकं काय झालं?

तुम्ही नोव्हेंबरच्या १ किंवा १५ तारखेपर्यंत लवकरच्या फेरीत अर्ज केला होता. कॉलेजने तो नाकारला नाही, नियमित फेरीत ढकलला. आता बाकीच्या अर्जांबरोबर तो पुन्हा वाचला जाईल आणि निर्णय मार्चअखेरीच्या सुमारास कळेल. पुढे काय करायचं हे तुम्ही कोणत्या प्रकारात अर्ज केला होता त्यावर ठरतं.

- अर्ली डिसिजन: यात ‘प्रवेश दिलात तर येणारच’ असं वचन तुम्ही, पालकांनी आणि ज्युनिअर कॉलेजने सही करून दिलेलं असतं. डिफर होताच त्या वचनातून तुम्ही मोकळे होता. मार्चमध्ये त्याच कॉलेजने होकार दिला तरी जायलाच हवं असं नाही.
- अर्ली अ‍ॅक्शन: इथे बंधन मुळातच नव्हतं. काही विद्यापीठं ‘दुसरीकडे लवकरच्या फेरीत अर्ज नको’ एवढी अट घालतात. डिफर झाल्यावर तीही सहसा उरत नाही, तरी त्या संस्थेचा नियम एकदा वाचून घ्या.
- वेटलिस्ट: ही वेगळी गोष्ट. नियमित फेरीचा निर्णय लागल्यावर, जागा उरल्या तर बोलावू, असा तिचा अर्थ. तिची हालचाल बहुधा १ मे नंतर होते.

म्हणजे ‘दुसरीकडे अर्ज केला तर चालेल का’ याचं उत्तर सरळ आहे: चालेल, आणि करायलाच हवा. डिफर झालेल्यांपैकी किती जणांना पुढे प्रवेश मिळतो हे कॉलेजागणिक आणि वर्षागणिक बदलतं, पण तुमची सगळी भिस्त त्या एका दारावर ठेवावी इतकं ते प्रमाण मोठं क्वचितच असतं.

आधी बारावी

अमेरिकेचं वेळापत्रक आणि आपल्या राज्य मंडळाचं वेळापत्रक नेमकं इथे एकमेकांवर आदळतं. डिसेंबर-जानेवारीत प्रिलिम, फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू, आणि त्याच दिवसांत नियमित फेरीचे अर्ज. निकाल मे महिन्यात. परदेशी कॉलेजचा निर्णय त्याआधीच, मार्चमध्ये होऊन गेलेला असतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. कॉलेजच्या हातात तुमचे बारावीचे म्हणून जे गुण पडतात ते प्रथम सत्राचे आणि प्रिलिमचे. ‘प्रिलिमला कोण विचारतं’ हे तुमच्या मित्रांसाठी खरं असेल, तुमच्यासाठी नाही. नोव्हेंबरनंतर तुमच्याबद्दल नवीन सांगण्यासारखं सर्वांत भक्कम काही असेल तर ते हेच गुण. शिवाय मे महिन्यातला बोर्डाचा निकाल फारच घसरला तर दिलेला प्रवेश मागे घेण्याची मुभा कॉलेजला असते. आणि देशातले बहुतेक पर्याय बारावीच्या गुणांवर किंवा प्रवेश परीक्षेवरच उभे आहेत.

म्हणून माझा आग्रह असा: अर्जांचं सगळं काम १० जानेवारीच्या आत आटपा, आणि त्यानंतर परीक्षा संपेपर्यंत लॅपटॉपवरचं ते पान उघडू नका. बारावीचे गुण खाली आले तर प्रवेशाची सगळीच दारं अरुंद होतात, अमेरिकेतलंही आणि वसईतलंही.

कॉलेजला काय पाठवायचं, काय नाही

डिफरच्या पत्रात किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘आणखी काही पाठवा’ किंवा ‘काही पाठवू नका’ असं लिहिलेलं असतं. पाठवू नका म्हटलं असेल तर खरोखरच पाठवू नका. मुभा असेल तर एकच पत्र, एका पानाचं, १० जानेवारीच्या आत. त्यात तीन गोष्टी पुरेत:

- तुम्हाला अजूनही तिथे जायचं आहे. ‘प्रवेश मिळाला तर नक्की येईन’ हे वाक्य फक्त एकाच कॉलेजला, आणि खरं असेल तरच लिहा.
- नोव्हेंबरनंतर नवीन काय घडलं. प्रिलिमचे गुण, आणि एखादं खरं काम. समजा, तुमच्या गावातल्या विहिरींचं पाणी खारट का होत चाललंय याच्या तुम्ही नोंदी ठेवता आहात; तर किती विहिरी, कधीपासून, काय आढळलं, हे चार ओळींत. ‘समाजकार्याची आवड आहे’ यासारखी वाक्यं काढून टाका.
- त्याच कॉलेजात का. तिथला एखादा विषयगट, एखादा अभ्यासक्रम, नाव घेऊन.

नवीन शिफारसपत्रांचा गठ्ठा, नगरसेवकांचं पत्र, दहावीपासूनची सगळी प्रशस्तिपत्रकं यांतलं काही धाडू नका. पालकांनीही फोन करू नये. पत्र विद्यार्थ्याने लिहायचं आणि विद्यार्थ्यानेच पाठवायचं.

आता यातला आपल्याकडचा खरा अडसर: सहामाही अहवाल. कॉमन अ‍ॅपच्या (अमेरिकेतल्या कॉलेजांच्या सामाईक ऑनलाइन अर्जाच्या) पद्धतीत ज्युनिअर कॉलेजमधल्या कुणीतरी जबाबदार व्यक्तीने तुमचे ताजे गुण स्वतः पाठवायचे असतात. आपल्या बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत एका तुकडीत शंभरच्या आसपास मुलं. समुपदेशक नावाचं पद नाही. ऑफिसच्या खिडकीवर गेलात तर ‘बोनाफाइड मिळेल, बाकी असलं काही आम्ही देत नाही’ असं उत्तर मिळण्याची शक्यता दाट. त्यात क्लार्कची चूक नाही, त्यांनी असा कागद कधी पाहिलेलाच नसतो. तेव्हा खिडकीवर जाऊ नका. असं करा:

- उपप्राचार्यांची किंवा पर्यवेक्षकांची वेळ मागून पालकांसह भेटा, प्रिलिमच्या आठवड्यात नको.
- एका कागदावर मराठीत लिहून न्या: विद्यार्थ्याचं नाव, तुकडी, रोल नंबर, काय पाठवायचं आहे, कोणत्या तारखेपर्यंत, ईमेलमध्ये आलेली लिंक कोणती, आणि त्यावर काय काय भरायचं.
- अकरावीची गुणपत्रिका, प्रथम सत्राचे आणि प्रिलिमचे गुण लेटरहेडवर, सही आणि गोल शिक्क्यासह मागा. दोन प्रती घ्या आणि लगेच स्कॅन करून ठेवा.
- कॉलेजचा अधिकृत ईमेल असेल तर तोच वापरायला सांगा. नसेल तर सर किंवा मॅडम कोणता पत्ता वापरणार हे आधी विचारा.

एक सावधगिरीचा इशारा. काही सल्लागार ‘तुम्ही काळजी करू नका, शिक्षकांच्या नावाने आम्हीच भरून टाकतो’ म्हणतात. तसं कदापि करू देऊ नका. ही सरळ खोटी कागदपत्रं आहेत. उघडकीला आलं तर मिळालेला प्रवेश जातो, आणि शिक्षा भोगायला तुम्ही उरता, सल्लागार नाही. डिफरचा निकाल ‘आतून’ बदलून देतो म्हणणाऱ्याला तर एक रुपयाही देऊ नका. असं आतून काही नसतं.

परदेशातल्या कॉलेजांची यादी पुन्हा बांधा

पहिली यादी बहुधा नावांवरून झालेली असते. दुसरी करताना पैशांपासून सुरुवात करा. अमेरिकेतल्या नावाजलेल्या खासगी लिबरल आर्ट्स कॉलेजांचा राहण्या-खाण्यासह वर्षाचा खर्च आज ८० हजार डॉलरच्या वर आहे. नोकरदार घराला हा आकडा आर्थिक मदतीशिवाय झेपणारा नाही, त्यामुळे कॉलेज मदत कशी देतं हे कॉलेज किती मोठं आहे यापेक्षा आधी पाहायचं.

- गरज न पाहता निवड करणारी: परदेशी विद्यार्थ्यालाही ‘पैसे मागतोय का’ हे न पाहता निवडतात आणि निवडल्यावर घराची गरज पूर्ण भागवतात. लिबरल आर्ट्स कॉलेजांत अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन ही अशी. स्पर्धा अर्थात प्रचंड.
- गरज पाहून निवड करणारी, पण निवडलं तर गरज पूर्ण भागवणारी: ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, व्हॅसर, आणि मुलींसाठी स्मिथ, माउंट होलिओक. इथे जितकी मदत जास्त मागाल तितकी निवड कठीण होते, तरी मिळाली तर खरी मिळते.
- ठरावीक गुणवत्ता शिष्यवृत्ती देणारी: यादी लांब आहे. शिष्यवृत्तीनंतर उरलेली रक्कम रुपयांत मांडा, चारने गुणा आणि मगच नाव ठेवा किंवा कापा.

इथे दोन खाचखळगे. बऱ्याच कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढची चारही वर्षं ती मागता येत नाही. ‘आधी प्रवेश तर मिळू दे, मग बघू’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे उलटा पडतो. दुसरा, अर्ली डिसिजनची दुसरी फेरी. स्मिथ, व्हॅसर, ग्रिनेल अशा कॉलेजांत ती जानेवारीत असते आणि निकाल जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत लागतो. डिफर झालेल्याला तिथे अर्ज करता येतो, पण तीही बंधनकारक. तिथे होकार आला तर पहिल्या, डिफर केलेल्या कॉलेजचा अर्ज मागे घ्यावा लागतो. दिलेली मदत घराला पुरणारी नसेल तर मात्र ते कारण कळवून बंधनातून सुटका मागता येते. निव्वळ डिसेंबरच्या निराशेतून हे दुसरं वचन देऊ नका. चार दिवस थांबा आणि घरात खर्चाचा कागद पुढ्यात ठेवून ठरवा.

यादी लांबवूही नका. बारावीच्या तोंडावर पाच-सहा नवे अर्ज नीट होतात, पंधरा होत नाहीत.

देशातली लिबरल आर्ट्स विद्यापीठं

सोनीपतचं अशोका, पुण्याजवळ लवळ्याचं फ्लेम, विमाननगरचं सिम्बायोसिस स्कूल फॉर लिबरल आर्ट्स, श्रीसिटीचं क्रिया आणि अझीम प्रेमजी विद्यापीठ ही नावं तुम्ही ऐकली असतील. यांतल्या बऱ्याच ठिकाणी प्रवेश फेऱ्यांत चालतात. डिसेंबरात जागे झालात तरी एखादी फेरी बहुधा उरलेली असते, म्हणून त्याच आठवड्यात तारखा पाहा. आधीच्या फेरीत वेटलिस्ट झाला असाल तर पुढच्या फेरीत नव्याने अर्ज करता येतो की तोच अर्ज पुढे जातो, हे प्रवेश कार्यालयाला ईमेलनेच विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

अशोका किंवा फ्लेममध्ये राहण्यासह वर्षाचा खर्च दहा लाखांच्या पुढे जातो. अशोका गरजेनुसार फी माफी देतं, ती मागायला कचरू नका. मध्यम किंवा तुटपुंज्या उत्पन्नाच्या घराने सर्वांत आधी अझीम प्रेमजी विद्यापीठाकडे पाहावं असं मला मनापासून वाटतं. गरजेनुसार शिष्यवृत्तीचं तिथलं धोरण उदार आहे, आणि बेंगळुरूबरोबर भोपाळलाही आता पदवीचे वर्ग आहेत.

आणखी एक दार आपल्याकडे फारसं कुणी ठोठावत नाही: सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा. २०२२ पासून दिल्ली विद्यापीठाचे पदवी प्रवेश या परीक्षेतून होतात. दिल्लीतल्या जुन्या कॉलेजांत इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्राची पदवी खासगी विद्यापीठांच्या मानाने फार कमी पैशांत मिळते. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, हे मराठी माध्यमाच्या मुलांना कुणीतरी आवर्जून सांगायला हवं. विषय निवडताना मात्र ज्या अभ्यासक्रमाला जायचं आहे त्याची अट आधी वाचा. चुकीचा विषयगट भरल्यामुळे चांगले गुण असूनही मुलं बाहेर राहतात.

‘वर्तक कॉलेज काय वाईट?’

आता त्या सवालाकडे. वसई रोडचं अण्णासाहेब वर्तक कॉलेज, वसईचं संत गोन्सालो गार्सिया, विरारचं विवा; आणि पश्चिम रेल्वेच्या टप्प्यात मिठीबाई, नॅशनल, रुईया, विल्सन, झेवियर्स. लिबरल आर्ट्स म्हणून तुम्ही जे शोधता आहात, म्हणजे एका मुख्य विषयासोबत दुसरे दोन-तीन विषय गंभीरपणे शिकणं, त्याचा आराखडा आता इथेही आला आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीत मुख्य विषय, दुय्यम विषय आणि खुले ऐच्छिक विषय असतात. तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स.

कागदावर हे सगळीकडे सारखं आहे. प्रत्यक्षात फरक असतो आणि तो माहितीपत्रकातून कळत नाही. कॉलेजात जा. जानेवारीत नको, परीक्षा संपल्यावर. तोवर मोठ्या भावंडाला किंवा आईबाबांना पाठवा. आर्ट्सच्या मजल्यावर नोटीस बोर्डावर लावलेलं वेळापत्रक उभं राहून वाचा. तुम्हाला अर्थशास्त्र मुख्य आणि मानसशास्त्र दुय्यम हवं आहे ना? मग दोन्हींचे तास एकाच वेळी लागलेत का ते बघा. लागले असतील तर ती जोडी त्या कॉलेजात नाही, माहितीपत्रकात असली तरी. खुल्या ऐच्छिक विषयाखाली किती पर्याय छापलेत ते मोजा, आणि एखाद्या द्वितीय वर्षाच्या मुलाला विचारा की त्यांतले खरे चालू किती. विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हेही विचारा. असं विचारण्यात काही गैर नाही. शेवटी ग्रंथालयात जाऊन तुमच्या विषयाच्या कपाटासमोर उभे राहा. पुस्तकं वाचली गेली आहेत की नुसती मांडली आहेत, हे त्यांच्या पानांवरून कळतं.

या अर्ध्या दिवसाच्या फेरीतून जे कळेल ते कोणत्याही रँकिंगमधून कळणार नाही. आणि मग ‘वर्तक काय वाईट’ याचं उत्तर तुम्हाला स्वतःला देता येईल, होकारार्थी किंवा नकारार्थी. माझं म्हणणं एवढंच की घराजवळचं किंवा मुंबईतलं एक नाव असं हवं जिथे तुम्ही मान वर करून जाल. ते नाव मे महिन्यात घाईघाईने नाही, त्याच्या बरंच आधी ठरायला हवं. ते ठरलं की डिफरचं ओझं अर्ध्याने उतरतं, असा माझा अनुभव आहे.

प्रवेशाच्या बाबतीत या गोष्टी लक्षात ठेवा:

- मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांसाठी विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी सक्तीची आहे. ती केल्याशिवाय कॉलेजचा अर्ज धरत नाहीत. बारावीच्या निकालानंतर तिला फार थोडे दिवस मिळतात.
- झेवियर्स (२०१० पासून) आणि रुईया (२०१७ पासून) स्वायत्त आहेत. अशा कॉलेजांचे अर्ज, तारखा आणि निवडीची पद्धत वेगळी असते, काहींचे अर्ज निकालाआधीच सुरू होतात. मार्चपासून दर आठवड्याला त्यांचं संकेतस्थळ पाहा.
- त्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजमधून आलात तर इन-हाउस जागांचा फायदा मिळतो. तो गमावून बाहेर पडण्याआधी विचार करा.
- ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्थांमध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा असतात. त्यासाठी धर्मग्रामातून बाप्तिस्म्याचा दाखला आधीच काढून ठेवा. वसईतल्या अनेक मुलांना याचा लाभ होऊ शकतो आणि कागद वेळेत नसल्यामुळे तो हुकतो.
- उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाइल हे तहसील कार्यालयाचे कागद निकालानंतर काढायला गेलात तर गर्दीत अडकाल. निकालाआधीच पालकांनी ते काम उरकावं.

आणि प्रवास. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. सकाळच्या साडेसातच्या तासाला झेवियर्समध्ये बसायचं तर विरारहून पावणेसहाच्या आधीची गाडी हवी. नालासोपारा किंवा वसईहून चढणाऱ्याला बसायला जागा मिळेल असं धरू नका. रोजचे तीन-साडेतीन तास गाडीत जाणार. ज्याला ते जमतं त्याने जरूर जावं, हजारो मुलं जातात. पण वाचन हाच ज्या शिक्षणाचा गाभा आहे, त्यात रोजचे हे तास जमेच्या बाजूला नाहीत, हे धरूनच झेवियर्स आणि वर्तकची तुलना करा. अंधेरी-पार्ल्यापर्यंतची कॉलेजं या दृष्टीने चांगला मध्यम मार्ग ठरतात.

पैशांची चौकशी डिसेंबरातच

‘वेळ आली की वाडीवर कर्ज काढू’ हे वाक्य वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांत सर्रास ऐकू येतं. वेळ येऊ देऊ नका, आजच बँकेत विचारा. वाडीची किंमत कितीही असो, शेतजमीन तारण घ्यायला बँका नाखूश असतात, कारण थकलं तर ती जप्त करून विकण्याचा सोपा कायदेशीर मार्ग त्यांना नाही. जमीन बिनशेती नसेल आणि सातबाऱ्यावर काका, आत्या, वारलेल्या आजोबांची नावं अजून असतील, तर सगळ्यांच्या संमतीला आणि वारस नोंदीला महिने लागतात. पूर्वेकडच्या फ्लॅटधारकांनी इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का ते पाहावं. ते नसेल तर तो फ्लॅटही बहुधा तारण चालत नाही.

- नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार पुरतो, त्यापुढे तारण.
- नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना तारणाशिवाय कर्ज देते, पण देशातल्या निवडक संस्थांसाठीच. तुमची संस्था त्या यादीत आहे का ते पाहा. परदेशासाठी ती नाही.
- बॅसीन कॅथलिक, वसई विकास, वसई जनता या आपल्या सहकारी बँकांतही चौकशी करा. सरकारी व्याज सवलत त्या बँकेमार्फत मिळते का, हा प्रश्न मात्र आधी विचारा.
- सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती आणि जे. एन. टाटा एन्डोमेंट, दोन्ही पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत. बारावीनंतर त्यांच्या भरवशावर राहू नका.
- २०२४ पासूनची मुलींची शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. बी. ए. साठी महाडीबीटीवरच्या इतर योजना पाहा. तसंही अनुदानित कॉलेजात बी. ए. ची फी काही हजारांत असते.

वर्षभर थांबायचं असेल तर

काही मुलं म्हणतात, एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज करतो. हा पर्याय वाईट नाही, पण त्या वर्षात काय करणार हे लिहून काढता येत नसेल तर थांबू नका. पुढे आपल्याकडे प्रवेश घेताना गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल, त्याची फार चिंता नको. मोठा धोका दुसरा आहे. ‘वर्ष वाया नको’ म्हणून इथे एफवायबीएला प्रवेश घेऊन सोबत अमेरिकेत अर्ज केलात, तर बरीच कॉलेजं तुम्हाला नवा विद्यार्थी न मानता ट्रान्सफर मानतात, आणि ट्रान्सफर विद्यार्थ्यांना आर्थिक मदत बहुतेक ठिकाणी फार कमी मिळते. म्हणून इथे नाव घालण्याआधी प्रत्येक कॉलेजचा हा नियम ईमेलवर विचारून घ्या.

प्रवेश घेतल्यावर बदलायचा झाला, तर तुमचे हक्क

अमेरिकेत १ मेपर्यंत एकाच कॉलेजला होकार आणि अनामत द्यायची असते. वेटलिस्टवर राहून दुसरीकडे अनामत भरणं चालतं, पण दोन कॉलेजांना एकाच वेळी होकार देणं चालत नाही. वेटलिस्टवरून बोलावणं आलं तर पहिली अनामत बुडते, तेवढी तयारी ठेवा.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम विद्यार्थ्याच्या बाजूने आहेत, पण ते माहीत नसल्यामुळे पालक पैसे सोडून देतात. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेश रद्द केल्यावर परतावा असा:

- प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी: १०० टक्के (प्रक्रिया खर्च म्हणून ५ टक्के, तोही जास्तीत जास्त ५,००० रुपये, वजा)
- अंतिम तारखेला १५ दिवसांपेक्षा कमी राहिले असताना: ९० टक्के
- अंतिम तारखेनंतर १५ दिवसांत: ८० टक्के
- १५ ते ३० दिवसांत: ५० टक्के
- त्यानंतर: काही नाही

आयोग काही वर्षी याहून सवलतीचं परिपत्रक काढतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून परतावा, असा आदेश होता. तुमच्या वर्षाचं परिपत्रक आयोगाच्या संकेतस्थळावरून छापून घ्या आणि रद्द करण्याच्या अर्जाला जोडा. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, कारण परताव्याची टक्केवारी त्या तारखेवर ठरते.

मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला तुमच्यासमोर तपासून परत द्यायचे असतात, अडकवून ठेवता येत नाहीत. माहितीपत्रक विकत घ्यायची सक्तीही नाही. कॉलेज ऐकत नसेल तर २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिथे समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करा. तक्रार एका पानाची, तारखांसह आणि पावत्यांच्या प्रती जोडून लिहा. विद्यार्थी अठराचा झाला असेल तर सही त्याची किंवा तिची असावी, पालकांची नव्हे.